नौपाड्यातील अभिकल्प स्टुडिओ आणि आमच्या प्रयोगशाळेचे बोधचिन्ह : एक अभिप्राय

घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याजवळ माझ्या वहिनींनी नुकतीच पॅथॉलॉजी प्रयोगशाळा सुरू केली आहे. त्या स्वतः पॅथॉलॉजिस्ट आहेत आणि परवाने, हिशेब, छपाई, पुरवठादार ही बाजू मी सांभाळतो. प्रयोगशाळेचे बोधचिन्ह आम्ही ठाण्यातील नौपाडा भागातल्या एका छोट्या अभिकल्प (डिझाइन) स्टुडिओकडून करवून घेतले. स्टुडिओ दोघे मिळून चालवतात. येथे त्यांचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही, कारण हा मजकूर त्यांची जाहिरात व्हावी म्हणून लिहिलेला नाही. वैद्यकीय व्यवसायाचे बोधचिन्ह करवून घेताना चांगले काम कसे ओळखावे आणि कोठे सावध राहावे, हे नव्याने दवाखाना, प्रयोगशाळा किंवा फिजिओथेरपी केंद्र काढणाऱ्यांना कळावे एवढाच हेतू आहे. माझे मत आधीच सांगतो : चित्राची समज, वैद्यकीय कामाविषयीचा आदर आणि कायद्याचे भान या तिन्ही बाबतींत स्टुडिओचे काम उत्तम आहे. देवनागरी अक्षरांच्या बाबतीत मात्र ते मध्यम आहे, आणि कागदपत्रे मागून घ्यावी लागतात.

पहिल्या भेटीत त्यांनी एकही रेघ काढली नाही. मला ते फार आवडले. चिन्ह कोठे कोठे छापले जाणार, याची यादी त्यांनी आमच्याकडून करून घेतली : रस्त्यावरची पाटी, रिपोर्टचा माथा, रिपोर्टचे पाकीट, घरी जाऊन नमुने घेणाऱ्या मुलांच्या पिशव्या, ओळखपत्र, रबरी शिक्का, व्हॉट्सॲपवरील गोल चित्र आणि नमुन्याच्या नळीवरचे लेबल. मग त्यांच्यातील एका ताईंनी वहिनींना विचारले, “डॉक्टर, रिपोर्ट रंगीत निघणार की काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर?” आमच्याकडे लेझर प्रिंटर एकरंगी आहे, आणि रुग्ण पीडीएफ घेऊन गेला तरी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात ती एकरंगीच छापली जाते. या एका प्रश्नाने अर्धे काम मार्गी लागले, कारण केवळ काळ्या शाईत जे चिन्ह उभे राहत नाही ते प्रयोगशाळेच्या उपयोगाचे नाही, हे त्याच बैठकीत ठरून गेले. त्यानंतरचे सगळे मसुदे आधी काळ्या रंगात आले आणि रंग शेवटी भरला गेला.

काय काढायचे नाही, यावर झालेली चर्चा मला सर्वांत मोलाची वाटली. आपल्याकडे दवाखाना म्हटला की पांढऱ्यावर लाल फुली असे समीकरणच झाले आहे. औषधांची दुकाने, रुग्णवाहिका, डॉक्टरांच्या गाड्यांच्या काचा, सगळीकडे ती दिसते. स्टुडिओने ती काढण्यास सरळ नकार दिला आणि कारणही समजावून सांगितले. लाल क्रॉस हे वैद्यकाचे सर्वसाधारण चिन्ह नाही. युद्धभूमीवर जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांवर कोणी शस्त्र उगारू नये म्हणून १८६४ च्या जिनिव्हा करारात स्वीकारलेले ते संरक्षणचिन्ह आहे आणि स्वित्झर्लंडच्या ध्वजाचे रंग उलटे करून ते सिद्ध झाले आहे. भारतात जिनिव्हा करार अधिनियम, १९६० नुसार परवानगीशिवाय त्याचा वापर करण्यास मनाई आहे. रस्तोरस्ती दिसणारी गोष्ट कायद्याने निषिद्ध असू शकते, हे बहुतेक व्यावसायिकांना ठाऊक नसते आणि बहुतेक चित्रकारही त्यांना सांगत नाहीत. चिन्हाचा असा सैल वापर होत राहिला तर खऱ्या प्रसंगी त्याचा धाक उरत नाही, हा मुद्दा वहिनींना विशेष पटला. फुली हवीच असेल तर ती दुसऱ्या रंगात, वेगळ्या आकारात आणि रेड क्रॉसचा भास होणार नाही अशी काढता येते. आम्ही तिच्या वाटेलाच गेलो नाही.

सापाच्या चिन्हाचेही तसेच. एका दंडाभोवती एक साप हा ग्रीक आरोग्यदेवता अ‍ॅस्क्लेपियस याचा दंड आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या बोधचिन्हात तोच आहे. दोन साप आणि वर पंख असलेला दंड हा हर्मीसचा, म्हणजे व्यापाराच्या आणि दूतांच्या देवतेचा आहे. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय दलाने १९०२ मध्ये तो स्वीकारल्यानंतर गोंधळ अधिकच वाढला आणि आज तयार चित्रांच्या संग्रहांत ‘मेडिकल’ या नावाखाली बहुधा हाच दुसरा दंड मिळतो. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांच्या लेटरहेडवर तो अनेक वर्षांपासून आहे.

प्रयोगशाळा म्हटली की आणखी तीन चित्रे ठरलेली असतात : रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शक आणि डीएनएची वेटोळी शिडी. थेंबाबद्दल वहिनींचा आक्षेप होता. सुईला घाबरणारी लहान मुले आणि वयस्क माणसे दाराशी येतात, त्यांना पाटीवरच रक्त दाखवू नये असे त्यांचे म्हणणे. सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात बारकावे इतके असतात की ते लहान आकारात काळा डाग होऊन बसते. डीएनएबाबत स्टुडिओने जे सांगितले ते मी कोणत्याही चित्रकाराकडून ऐकेन असे वाटले नव्हते. जिवंत पेशींत सर्वसाधारणपणे आढळणाऱ्या डीएनएचे वेटोळे उजव्या वळणाचे असते, पण तयार चित्रांपैकी कित्येकांत ते डाव्या वळणाचे, म्हणजे आरशातले असते. सामान्य माणसाच्या ते लक्षात येणार नाही, पण आमच्याकडे रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात नक्की येईल. शिवाय आम्ही जनुकीय तपासण्या करत नाही. जे काम आपण करत नाही त्याचे चित्र दारावर लावणे वैद्यकीय व्यवसायात अप्रामाणिकपणाचे ठरते, असे वहिनी म्हणाल्या आणि तो विषय संपला.

रंगाच्या बाबतीत मात्र वहिनींनी स्टुडिओला शिकवले आणि त्यांनी ते मनापासून ऐकून घेतले. रक्ताचे नमुने ज्या नळ्यांत घेतात त्यांच्या टोपणांचे रंग नळीत आधीच घातलेल्या रसायनानुसार सांकेतिक असतात : जांभळे टोपण इडीटीएचे, फिके निळे सायट्रेटचे, राखाडी फ्लोराइडचे, हिरवे हेपॅरिनचे. नमुना कोणत्या तपासणीसाठी आहे ते तंत्रज्ञ आधी टोपणाच्या रंगावरून ओळखतो. स्टुडिओची एक कल्पना या सगळ्या रंगांचे ठिपके गोलाकार मांडण्याची होती आणि दिसायला ती खरोखर देखणी होती. पण जो रंग कामाच्या टेबलावर नेमका अर्थ सांगतो, त्याचा सजावटीसाठी उपयोग करणे तंत्रज्ञाच्या नजरेला त्रासदायक होईल म्हणून ती आम्ही नाकारली. पिशव्यांचा प्रश्न याहूनही गंभीर होता. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार कचऱ्याच्या वर्गवारीसाठी पिवळा, लाल, पांढरा आणि निळा हे रंग ठरवून दिलेले आहेत. घरी नमुना घ्यायला येणारा मुलगा पिवळी किंवा लाल पिशवी घेऊन दाराशी उभा राहिला तर जाणत्या माणसाला ती कचऱ्याची पिशवी वाटेल. म्हणून लांबून उठून दिसणारे हे दोन्ही रंग बाद झाले. शेवटी गडद मोरपंखी रंग निश्चित झाला. तो टोपणांच्या रंगांत नाही, कचऱ्याच्या वर्गवारीत नाही आणि पावसाळी अंधारातही पांढऱ्या पाटीवर स्पष्ट दिसतो.

मधल्या मसुद्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ते वेळेवर आले, प्रत्येकासोबत चार ओळींचे स्पष्टीकरण होते आणि ‘अजून थोडे आकर्षक करा’ असल्या मोघम सूचनेवर ते काम करत नाहीत, नेमके काय खटकते ते विचारतात. अंतिम चिन्ह म्हणजे वरून पाहिलेली नमुन्याची नळी : एक जाड वर्तुळ, त्यात दुसरे भरीव वर्तुळ आणि बाहेरच्या वर्तुळाला एका बाजूस छोटी फट. कोणाला त्यात सूक्ष्मदर्शकाचे भिंग दिसते, कोणाला डोळा. तिन्ही अर्थ आमच्या कामाला शोभतात. रबरी शिक्क्यावर ते फटीत शाई न साचता उमटते आणि व्हॉट्सॲपच्या गोल चौकटीत काहीही कापले जात नाही.

नळीवरच्या लेबलाबाबत त्यांनी दिलेला सल्ला मी विशेष नमूद करतो. आमच्याकडची लेबले ५० बाय २५ मिलिमीटरची असून ती २०३ डीपीआयच्या थर्मल प्रिंटरवर छापली जातात. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये केवळ आठ ठिपके बसतात आणि बारीक रेघ तुटक येते. त्या जागेत रुग्णाचे नाव, ओळख क्रमांक, नमुना घेतल्याची वेळ आणि बारकोड बसवायचा असतो, आणि बारकोडच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडली नाही तर यंत्र तो वाचत नाही. स्टुडिओने हे सगळे पाहून लेबलावर चिन्ह छापूच नका असे सुचवले. आपले चिन्ह अमुक जागी नको, असे पैसे घेऊन सांगणारा अभिकल्पक दुर्मीळ आहे. नळीची ओळख पटण्यात चूक झाली तर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो, आणि त्यापुढे कोणत्याही चिन्हाची शोभा क्षुल्लक आहे.

रिपोर्टचा माथाही त्यांनी याच विवेकाने मांडला. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे सही, पात्रता आणि नोंदणी क्रमांक यांना ठळक व निश्चित जागा ठेवून चिन्ह डाव्या कोपऱ्यात लहान घेतले आहे. उजवा कोपरा सध्या मोकळा आहे. एनएबीएल या प्रयोगशाळांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे मानांकन मिळाल्यानंतरच आणि मानांकित तपासण्यांपुरतेच त्यांचे चिन्ह वापरता येते, म्हणून तेथे आज काहीही छापलेले नाही. ‘प्रक्रिया सुरू आहे’ अशा अर्थाचा मजकूर टाकण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. स्टुडिओने आपणहून त्याला नकार दिला.

आता उणिवांकडे येतो. या कामातील खरी उणीव देवनागरीची. रोमन अक्षरांतील नाव अत्यंत काळजीने घडवले गेले, पण मराठी नाव सर्व काही संपल्यावर, एका तयार फॉन्टमध्ये टाइप करून, त्याच्या खाली चिकटवल्यासारखे आले. ठाण्यात काम करणाऱ्या आणि मराठीतच आमच्याशी बोलणाऱ्या माणसांकडून ही अपेक्षा नव्हती. फॉन्टमधील ‘ल’ हिंदी वळणाचा होता. मराठीत ‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांची वळणे वेगळी आहेत आणि राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयात ती निश्चितही केली आहेत. ‘लॅबोरेटरी’ या शब्दाची सुरुवातच ‘ल’ने होते, त्यामुळे दोष पहिल्याच अक्षराला दिसत होता. ‘पॅथॉलॉजी’ या शब्दात शिरोरेषेच्या वर तीन चंद्र येतात, आणि आकार लहान केला की ते शिरोरेषेत मिसळून जात होते. चिन्हातील वर्तुळाची रेघ जाड आणि शेजारच्या अक्षरांची शिरोरेषा बारीक, त्यामुळे दोन्ही एका घरातली वाटत नव्हती.

यात केवळ रुचीचा प्रश्न नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली झालेल्या सुधारणेनुसार आस्थापनेच्या नामफलकावर मराठी नाव देवनागरीत असणे आणि ते इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसणे बंधनकारक आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही ते लागू झाले आहे, आणि या कायद्यातील आस्थापनेच्या व्याख्येत डॉक्टरांचे दवाखानेही येतात. म्हणजे पाटीवर मराठी नाव हेच मुख्य नाव असणार. ते दुय्यम धरून चिन्ह घडवणे हा मुळातच उलटा क्रम झाला. शिवाय संगणकावर दोन्ही लिप्यांना सारखाच आकडा दिला तरी देवनागरी डोळ्याला लहान दिसते, म्हणून ती मोजूनमापून मोठी करावी लागते. आम्ही हे सगळे मांडल्यावर त्यांनी वाद घातला नाही. एका सुलेखनकाराची मदत घेऊन मराठी नाव नव्याने रेखाटले, चंद्रांना श्वास घेण्याइतकी जागा दिली आणि ‘ल’ मराठी वळणाचा केला. परंतु त्यासाठी वेगळे शुल्क आकारले, आणि ते मला योग्य वाटले नाही. महाराष्ट्रातील आस्थापनेच्या बोधचिन्हात देवनागरी हा मूळ कामाचाच भाग असायला हवा. जे त्यांच्याकडे जातील त्यांनी पहिल्याच बैठकीत मराठी नावापासून सुरुवात करण्याचा आग्रह धरावा आणि ते दरपत्रकात लिहून घ्यावे. मुंबईतील ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेल्या ‘मुक्त’ या फॉन्टसारखे मोफत आणि मुक्त परवान्याचे देवनागरी फॉन्ट उपलब्ध आहेत. त्यांतील एखादा आधाराला घेतला तरी परवान्याची अडचण येत नाही.

दुसरी उणीव कागदपत्रांची. बिलावर केवळ ‘लोगो डिझाइन’ एवढेच शब्द होते. प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ नुसार कलाकृतीचा पहिला हक्कदार सामान्यतः ती निर्माण करणारा असतो. स्वतंत्र व्यावसायिकाला बोधचिन्हाचे पैसे दिले म्हणून हक्क आपोआप आपल्याकडे आला असे धरून चालू नये. तो लेखी आणि सही केलेल्या दस्ताने हस्तांतरित करून घ्यावा लागतो, आणि त्या दस्तात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. दहा वर्षांनी नवी मुंबईत किंवा अन्यत्र शाखा काढताना या एका कागदावाचून अडण्याची वेळ येऊ शकते. आम्ही मागितल्यावर स्टुडिओने कायमस्वरूपी आणि सर्व प्रदेशांसाठी हक्क देणारे करारपत्र तत्परतेने सही करून दिले. पण जो मागणार नाही त्याला ते मिळणार नाही, ही गोष्ट चांगली नाही.

व्यापारचिन्हाच्या (ट्रेडमार्कच्या) नोंदणीबाबत मात्र ते जाणकार आहेत. रेखाटनापूर्वीच त्यांनी व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावरील विनामूल्य शोध घेऊन दाखवला. नोंदणीच्या वर्गवारीत वैद्यकीय सेवा ४४ व्या वर्गात येतात, औषधे ५ व्या आणि वैद्यकीय उपकरणे १० व्या वर्गात. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे, इतरांना ९,००० रुपये. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे तिचे नूतनीकरण करता येते. ‘लॅब’, ‘डायग्नोस्टिक्स’, ‘केअर’ असे वर्णनात्मक शब्द एकट्याच्या मालकीचे होऊ शकत नाहीत, त्यामुळे नाव सामान्य असेल तर चिन्हावरच जास्त भिस्त राहते, हे त्यांनी नीट समजावले. नोंदणी होण्यापूर्वी वर्तुळातील ‘आर’ ही नोंदणीकृत चिन्हाची खूण वापरू नका, असेही बजावले. अर्ज आम्ही वकिलामार्फत केला.

फाइली व्यवस्थित मिळाल्या : कितीही मोठ्या करता येतील अशा व्हेक्टर स्वरूपातील, छपाईसाठीच्या आणि पडद्यासाठीच्या रंगांत वेगवेगळ्या, एकरंगी, आणि गडद पार्श्वभूमीवर चालेल अशी पांढरी. सोबत दोन पानांची वापरपुस्तिका आहे. चिन्हाभोवती किती जागा मोकळी सोडायची आणि कोणत्या आकारापेक्षा लहान छापायचे नाही ते तीत आहे. पाटी करणाऱ्या कारागिराला ती दाखवताच त्याचे सगळे प्रश्न सुटले. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरांनी अवाजवी मोठी पाटी लावू नये आणि तीवर नाव, पात्रता, विशेषज्ञता, नोंदणी क्रमांक यांपलीकडचा मजकूर टाकू नये असे म्हटले आहे. वहिनींच्या नावाची दारावरची पाटी त्याच मर्यादेत केली आहे आणि तिच्यावर बोधचिन्ह घेतलेले नाही.

मूळ कामाचे शुल्क २५,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. मोबाइलवरच्या साधनांतून तयार साच्यावर काही मिनिटांत चिन्ह मिळते, त्या तुलनेत ही रक्कम मोठी वाटेल. पण अशा साच्यांतील चित्रे इतरांनाही उपलब्ध असतात आणि ती आपली व्यापारचिन्हे म्हणून राखता येत नाहीत. उद्या शेजारच्या इमारतीतील दवाखान्यावर तेच चिन्ह दिसले तरी काही करता येत नाही. एकट्याने छोटा दवाखाना चालवणाऱ्या आणि केवळ नावाची पाटी लागणाऱ्या डॉक्टरांना हा खर्च करण्याची गरज नाही, त्यांना चांगल्या अक्षरांची पाटी पुरे. जेथे नमुने, रिपोर्ट, पिशव्या आणि पुढेमागे शाखा असणार आहेत, तेथे मी या स्टुडिओची शिफारस करतो. निम्मी रक्कम आगाऊ घेतात, बाकीची फाइली देताना. करारपत्राचा मसुदा सोबत घेऊन जावे. नौपाड्यात गाडी लावायला जागा मिळत नाही, त्यामुळे ठाणे स्थानकावर पश्चिमेला उतरून चालत जाणे सोयीचे. रविवारी स्टुडिओ बंद असतो आणि भेटीची वेळ आधी ठरवावी लागते.